सुरगाठ

एकतीस वर्षं मी ऑर्लिन हाउगेनचं दूध उचललं,
दिवसाआड, पहाटे पाच-दहाला,
व्हिरोक्वाच्या उत्तरेला, जिथं रस्ता टेकडीला वळसा घालतो
आणि टँकरचा दुसरा गिअर कुरकुरतो.
म्हणून चर्चमध्ये पाद्री जे बोलले
त्यातलं थोडं मला दुरुस्त करावंसं वाटलं.

तो अबोल नव्हता. गाईंशी अखंड बोलायचा,
कास पुसताना, सडांना यंत्राच्या वाट्या लावताना,
नॉर्वेजियन शिव्या आणि खलाशांच्या शिव्या
सारख्याच मायेनं.
माणसांपुढे मात्र पान्हा चोरायचा,
टोपी मागे सारून नुसता उभा.

गोठ्यातली डावी रांग त्याच्या लेखी ‘पोर्ट’,
उजवी ‘स्टारबोर्ड’,
आणि शेणाच्या पाटाला तो काय म्हणायचा ते इथं नको.
गाईंना नावं बंदरांची, तो जिथं जिथं लागला त्यांची:
नूमेआ, मनिला, उलिथी.
उलिथी लाथ मारायची, पण भरपूर देऊन मग मारायची.
ओकिनावा नावाची गाय कधी झाली नाही.
मार्डेलनं, त्याच्या लेकीनं, एका कालवडीसाठी ते सुचवलं होतं,
सात वर्षांची पोर, शाळेत नकाशा शिकून आलेली.
तो म्हणाला, फार लांब नाव आहे.
कालवडीचं नाव पडलं डोरिस.

आणखी एक, जे पाद्रींना ठाऊक नव्हतं.
त्याच्या गोठ्यात एकाही दाराला कडी नव्हती.
गवताच्या गठ्ठ्यांची नारिंगी सुतळी आणि तिची सुरगाठ,
वासरानं तोंडात धरून ओढली तरी सुटेल अशी.
वासरं ओढायचीच.
शेजारचा ड्युएन टॉलेफ्सन मक्यातून ती हाकत आणायचा
आणि ओरडायचा, म्हणे नौदलात गाठी शिकवतात!
ऑर्लिन वासरं मोजायचा. पुन्हा सुरगाठच मारायचा.

ब्याऐंशीचा जानेवारी. टँकर अंगणातच रुतला,
रात्र मी त्यांच्याकडे काढली.
गाईंना वादळ कळत नाही, धार चुकत नाही,
टाकी काठोकाठ. शेवटी दूध बर्फात सोडलं आम्ही,
पांढऱ्यावर पांढरं,
वाफेवरून कळत होतं कुठवर गेलं ते.
आत येऊन त्यानं कॉफी ओतली
आणि कपाकडे बघत म्हणाला:
“विमान आदळलं तेव्हा हुकूम आला, झाकण लावा.
मी लावलं. सहा खिट्या.
एकोणीस वर्षांचा होतो, घट्ट बसवायला चांगलं जमायचं मला.
जहाज वाचलं.
खालून वाजवत होते.”
मग म्हणाला, साखर?
मी हो म्हणालो.
मी साखर घेत नाही.

पाद्री म्हणाले, त्यानं पदक मिळवलं. मिळवलं होतं.
ते खिळ्यांच्या डब्यात होतं,
दूध संघाच्या बिल्ल्याशेजारी.
दोन तरुण नाविक आले, झेंड्याची त्रिकोणी घडी
मार्डेलच्या मांडीवर ठेवून गेले.
बिगुलात यंत्र बसवलेलं होतं; पोरगा नुसते गाल फुगवत होता.
ऑर्लिन हसला असता, नाकातून, त्याच्या पद्धतीनं.
वेळ अकराची ठेवली होती, दोन धारांच्या मधली,
गाई विकून नऊ वर्षं झाली तरीही.
कुणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

परतताना मी जुन्याच वाटेनं गेलो. सवय.
गोठा रिकामा, उत्तरेकडचं दार वाऱ्यावर
ठक. ठक ठक.
गाडी थांबवून उतरलो.
खिशात सुतळी होती, असतेच.
दार ओढून घेतलं, गाठ मारली,
आणि वारा आतून दाराला लागला तसा
हात गाठीवरच राहिला.

एक टोक ओढलं.
दार सताड उघडून त्याला धोंडा लावला,
मोठा, दोन्ही हातांनी उचलावा लागला.